कंपनीचा अॅम्प बायपास करून नवा स्टिरिओ बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवला, स्क्रीन चालू झाली, पण आवाजच नाही. किंवा आवाज येतो, पण फाटका, आणि व्हॉल्यूम पाचवर ठेवला तरी कान किटतात. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या गाडीत सीटखाली किंवा डिकीच्या पॅनेलमागे कंपनीने बसवलेला एक अॅम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर, निघतो. त्याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्टिरिओमध्ये अॅम्प असतोच ना? मग हा वेगळा अॅम्प कशाला?

असतो. स्टिरिओच्या मागे हीटसिंकला चिकटवलेली एक चिप असते, ती चार चॅनेल, म्हणजे स्पीकरच्या चार स्वतंत्र वाटा, वाजवते. साध्या व्हेरियंटमध्ये तेवढंच असतं. वरच्या व्हेरियंटमध्ये मात्र स्पीकर वाढतात : क्रेटा आणि सेल्टॉसमध्ये बोसचे आठ, सुरुवातीच्या हॅरियरमध्ये जेबीएलचे नऊ, एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे बारा. एवढे स्पीकर चार चॅनेलच्या चिपला झेपत नाहीत, म्हणून स्वतंत्र अॅम्प येतो. मग स्टिरिओचं काम फक्त सिग्नल पाठवण्याचं उरतं. ताकद देणं, कुठल्या स्पीकरने कोणते सूर वाजवायचे ते वाटून देणं आणि त्या गाडीच्या केबिनला जुळेल असा टोन लावणं, हे सगळं अॅम्पमध्ये होतं. शेवटची दोन कामं लोकांच्या लक्षात राहत नाहीत आणि बायपास केल्यावर नेमकी त्यांचीच उणीव जाणवते.

२. माझ्या गाडीत असा अॅम्प आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

जाळीवरच्या नावावर जाऊ नका. बलेनोवर अर्कामिसचं नाव दिसतं, पण ते आवाजाच्या सॉफ्टवेअर ट्यूनिंगचं नाव आहे, वेगळा डबा असल्याची खूण नव्हे. उलट बऱ्याच जुन्या इम्पोर्टेड गाड्यांत कुठेही बॅज नसतो आणि डिकीत अॅम्प असतो.

खात्रीचा उपाय मल्टिमीटर. स्टिरिओ बाहेर काढा, मागचा कपलर (वायरींचा प्लग) सोडवा आणि गाडीच्या बाजूच्या कपलरवर एका स्पीकरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. तीन-चार ओहम दाखवलं तर वायर सरळ स्पीकरला गेली आहे. हजारो ओहम दाखवलं तर मध्ये अॅम्प आहे. पिनांमध्ये स्पीकरच्या जोड्याच सापडत नसतील, तर सिग्नल डिजिटल असण्याची शक्यता मोठी (प्रश्न १४).

डबा शोधायचा असेल तर पुढच्या सीटखाली, ग्लव्ह बॉक्सच्या मागे, डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे आणि मागच्या पार्सल ट्रेखाली पाहा. गाडी पाण्यात गेली असेल किंवा एसीच्या ड्रेनचं पाणी आत येऊन कार्पेट भिजलं असेल, तर सीटखालचा अॅम्प आधी उघडून पाहा. पावसाळ्यात ‘अचानक बंद पडलेल्या’ अॅम्पचे कपलर हिरवे पडलेले सापडतात. ते साफ करून काम झालं, तर बायपासची गरजच उरत नाही.

३. बायपास म्हणजे नेमकं काय करतात?

अॅम्पकडे येणारी आणि अॅम्पकडून स्पीकरकडे जाणारी वायर एकमेकींना जोडतात, म्हणजे नव्या स्टिरिओची चिप थेट स्पीकर वाजवते. हा शब्द मात्र सगळीकडे सैल वापरला जातो, म्हणून तीन वाटा वेगळ्या धरा. पहिली वाट : कंपनीचा अॅम्प ठेवायचा आणि नवा स्टिरिओ त्याला अॅडॉप्टरने जोडायचा. दुसरी : अॅम्प काढून स्टिरिओवरच स्पीकर चालवायचे. तिसरी : कंपनीचा अॅम्प काढून त्या जागी बाजारातला अॅम्प घालायचा. दुसरी आणि तिसरी, दोन्हींना दुकानदार बायपासच म्हणतो. त्यामुळे भाव विचारताना कुठली वाट ते आधी स्पष्ट करून घ्या.

४. मग बायपास करावा की कंपनीचा अॅम्प ठेवावा?

अॅम्प चालू असेल आणि आवाज आवडत असेल तर ठेवा. माझा कल नेहमी तिकडेच असतो, कारण कंपनीचे स्पीकर आणि अॅम्प ही जोडी म्हणून बनवलेली असते. त्या स्पीकरच्या उणिवा अॅम्पमधल्या टोनने झाकलेल्या असतात. अॅम्प गेला की तेच स्पीकर उघडे पडतात आणि ‘नवीन महाग स्टिरिओ लावून आवाज उलट बिघडला’ असं वाटतं. बिघडलेला स्टिरिओ नसतो, जोडी तुटलेली असते.

बायपास योग्य ठरतो तो चार परिस्थितींत. अॅम्प जळला आहे आणि बदली मिळत नाही किंवा परवडत नाही. अॅम्प डिजिटल सिग्नलवर चालतो आणि त्यासाठी अॅडॉप्टर मिळत नाही. तुम्ही स्पीकरही बदलणार आहात. किंवा अॅम्पमधूनच सतत खरखर येते आणि ती ग्राउंड तपासूनही जात नाही (प्रश्न १२). यांपैकी काहीच नसेल, तर पैसे डॅम्पिंगवर (दाराच्या पत्र्याची थरथर दाबणाऱ्या शीटवर) आणि पुढच्या दारांच्या स्पीकरवर घालवा, फरक जास्त ऐकू येईल. अर्थात स्पीकर बदलतानाही कंपनीचा अॅम्प राहणार असेल, तर ओहम जुळवावेच लागतात.

५. सगळे ‘आधी ओहम बघा’ म्हणतात. त्यात एवढं काय आहे?

बायपासचं बरंवाईट इथेच ठरतं, म्हणून हे सविस्तर.

इंजिन चालू असताना गाडीला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्टिरिओच्या चिपमध्ये हे व्होल्ट वाढवण्याची सोय नसते. म्हणजे स्पीकरवर जाणाऱ्या लाटेचं शिखर फार तर १४.४ व्होल्टपर्यंत पोहोचतं, आरएमएस (लाटेची परिणामी सरासरी) धरले तर सुमारे १०.२. याचा वर्ग करून चार ओहमने भागला की २६ वॉट येतात. चार ओहमच्या स्पीकरला यापेक्षा जास्त स्वच्छ ताकद कुठलाच साधा स्टिरिओ देऊ शकत नाही, बॉक्सवर काहीही छापलेलं असो.

कंपनीलाही हीच अडचण असते. व्होल्ट वाढवणारा पॉवर सप्लाय अॅम्पमध्ये घालायचा तर खर्च, वजन आणि उष्णता, तिन्ही वाढतात. सोपी वाट म्हणजे स्पीकरचे ओहम कमी करायचे. तेच १०.२ व्होल्ट दोन ओहमवर टाकले की ५२ वॉट, एक ओहमवर टाकले की शंभरच्या वर. म्हणून बोससारख्या बऱ्याच सिस्टिममध्ये स्पीकर दोन ओहमचे किंवा त्याहून कमी असतात. ही जुनी रीत आहे. जनरल मोटर्सने बोसबरोबर १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या मॉडेलमध्ये पहिली अशी सिस्टिम आणली, तेव्हाही प्रत्येक स्पीकरला स्वतःचा अॅम्प होता आणि स्पीकर अगदी कमी ओहमचे होते.

आता हा स्पीकर चार ओहमसाठी बनवलेल्या स्टिरिओला थेट लावला की चिपमधून दुप्पट किंवा त्याहून जास्त करंट ओढला जातो. सुरुवातीला आवाज छान मोठा वाटतो. मग चिप तापते, व्हॉल्यूम वाढवला की आवाज तुटतो, स्टिरिओ मध्येच बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीत एक दिवस चॅनेल कायमचा जातो.

मोजायचं कसं? स्पीकरचा कपलर काढा आणि स्पीकरवरच मीटर लावा, अॅम्प जोडलेला असताना मोजू नका. मीटर छापील आकड्यापेक्षा थोडं कमी दाखवतं. ३.२ ते ३.८ आलं तर स्पीकर चार ओहमचा, १.६ ते १.९ आलं तर दोन ओहमचा. एकच्या खाली आलं तर हा स्पीकर स्टिरिओवर चालवण्याचा विचार सोडा. मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून तारांचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी वजा करायला विसरू नका, एवढ्या छोट्या आकड्यांत तो मोठा घोळ घालतो.

६. दोन ओहमचा स्पीकर निघाला. सोबत दोन ओहमचा रेझिस्टर लावून चार केले तर?

करू नका. अर्धी ताकद रेझिस्टर गरम करण्यात जाईल, तो दाराच्या प्लॅस्टिकमागे तापत राहील आणि कोनवरची (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावरची) पकड ढिली पडून बास पसरट होईल. पर्याय दोनच : दोन ओहमला चालणारा बाजारातला अॅम्प घाला, किंवा स्पीकर चार ओहमचे करा. चार चॅनेलचे चांगले अॅम्प बहुधा प्रति चॅनेल दोन ओहमला चालतात, पण दोन चॅनेल ब्रिज केले, म्हणजे एकाच स्पीकरसाठी एकत्र जोडले, की त्यांची किमान मर्यादा चार ओहमची होते. काही स्टिरिओंच्या चिपही दोन ओहमला चालतात, टीडीए ७८५० त्यातली एक. तरी स्टिरिओच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असेल तरच भरवसा ठेवा. चिप चांगली असून हीटसिंक नावापुरता असलेले स्टिरिओ बाजारात भरपूर आहेत.

७. नव्या स्टिरिओवर ‘५० वॉट गुणिले ४’ लिहिलंय. म्हणजे अॅम्प काढला तरी आवाज वाढेल ना?

नाही. तो आकडा कमाल, क्षणभराचा आहे. प्रश्न ५ मधल्या हिशेबाने प्रत्यक्षात स्वच्छ आवाजासाठी १८ ते २२ वॉट धरा. कंपनीच्या अॅम्पइतकं किंवा जास्त हवं असेल तर तिसरी वाट घ्या. शांत ऐकणाऱ्याला चार ओहमच्या चांगल्या स्पीकरवर २० वॉट पुरतात, ही गोष्टही खरी आहे. हायवेला काचा उघड्या ठेवून ऐकायचं असेल तर पुरत नाहीत.

८. वायरींचे रंग कसे लावायचे?

बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) रंग ठरलेले असतात. पिवळी कायमची १२ व्होल्ट, लाल चावीवरची, काळी ग्राउंड. पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. याच रंगावर काळी रेघ असेल ती निगेटिव्ह. नारिंगी लाइटची. निळी अँटेनाची आणि निळ्यावर पांढरी रेघ असलेली अॅम्प चालू करण्याची (प्रश्न ९).

गाडीच्या बाजूच्या रंगांना मात्र असा कुठलाही सार्वत्रिक नियम नाही. त्याच कंपनीच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही ते बदलतात. त्या मॉडेलचा आणि त्या वर्षाचा वायरिंग डायग्राम मिळवा. डायग्राम नसेल तर १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल अॅम्पच्या आउटपुट कपलरवरच्या जोडीला क्षणभर टेकवा. ज्या दारातून ‘टप’ येईल, त्या दाराची ती जोडी. सेलचा प्लस टोक स्पीकरच्या प्लसला लागला तर कोन बाहेर येतो, उलटा लागला तर आत जातो. ट्वीटरसाठी (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरसाठी) मोठी बॅटरी वापरू नका, त्याची बारीक कॉइल जळते.

पोलॅरिटीकडे दुर्लक्ष केलं तर काही जळत नाही, पण डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि बास नाहीसा होतो. ‘बायपास केल्यावर बास गेला’ म्हणणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी तपासावं.

९. अॅम्प ठेवलाय, सगळं जोडलंय, तरी आवाज शून्य. काय राहिलं?

बहुतेक वेळा चालू करणारी वायर. कंपनीचा अॅम्प स्टिरिओकडून १२ व्होल्टचा इशारा आला की जागा होतो. जुन्या स्टिरिओकडून ही वायर येत होती, नव्यात ती निळी-पांढरी आहे आणि हार्नेसमध्ये मोकळी लोंबकळते आहे. अँड्रॉइड स्टिरिओसोबत कॅन बसचा (गाडीतली उपकरणं ज्या नेटवर्कवर एकमेकांना निरोप देतात त्याचा) डबा येतो, त्याच्या वायरवर बहुधा अॅम्पसाठीची चिठ्ठी लावलेली असते, ती जोडा. ही वायर सरळ कायमच्या १२ व्होल्टला जोडण्याची चूक होऊ देऊ नका. अॅम्प रात्रभर जागा राहील आणि बॅटरी उतरेल.

वायर जोडलेली असून आवाज नसेल, तर स्टिरिओच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये जा. तिथे गाडीचं मॉडेल निवडताना ‘अॅम्पसह’ असा वेगळा पर्याय पुष्कळदा असतो. तो निवडला की कॅन बसवरून अॅम्पला योग्य हुकूम जातात. एवढं करून शांतताच असेल, तर प्रश्न १४ वाचा.

१०. अॅम्प ठेवायचाय. नव्या स्टिरिओच्या स्पीकर वायरी त्याच्या इनपुटला जोडू की आरसीए?

अॅम्प काय मागतो त्यावर. काही अॅम्प स्पीकर लेव्हलचा, म्हणजे ताकदवान सिग्नल घेतात. बरेचसे कमी लेव्हलचा घेतात, आणि त्यात प्लस-मायनस अशी दोन्ही टोकं सिग्नलचीच असतात, ग्राउंड कुठलंच नसतं. अशा अॅम्पला स्पीकर वायर जोडली की पाचव्या व्हॉल्यूमलाच आवाज फाटतो, इनपुटही जाऊ शकतो. आरसीए (स्टिरिओमागची कमी लेव्हलच्या सिग्नलची केबल) जोडली तर आवाज स्वच्छ, पण कधी कधी लहान आणि गुणगुणणारा. मध्ये लेव्हल जुळवणारा अॅडॉप्टर टाका. त्यावरचे स्क्रू फिरवून, स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊण ठेवला असताना आवाज फाटायच्या थोडं अलीकडे थांबा. तुमच्या मॉडेलसाठी तयार टी-हार्नेस (मूळ कपलरच्या मध्ये बसणारं जुडगं) मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्या, एकही वायर कापावी लागत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना मेट्रा आणि पॅकसारख्या कंपन्यांचे असे हार्नेस मॉडेलनुसार सहज मिळतील.

११. बायपाससाठी डॅशबोर्डपासून नव्या वायरी ओढू की अॅम्पपाशीच जोडू?

अॅम्पपाशी जोडणं कमी कष्टाचं. डॅशबोर्डपासून अॅम्पपर्यंत वायरी आधीच गेलेल्या असतात. इनपुटची जोडी आउटपुटच्या त्याच स्पीकरच्या जोडीला जोडली की झालं. अडचण एकच : त्या इनपुट वायरी सिग्नलसाठी असल्याने कधी कधी फारच बारीक असतात. स्टिरिओच्या २० वॉटला बऱ्याचदा चालतात, पण केसासारख्या दिसल्या तर नवी वायर ओढा. तिसऱ्या वाटेत हा प्रश्न येत नाही, नवा अॅम्प जुन्याच्याच जागी बसवा आणि आउटपुट तिथल्या तिथे जोडा.

कुठल्याही पद्धतीत कंपनीच्या अॅम्पचा आउटपुट कपलर काढलेलाच हवा. एकाच स्पीकरवर दोन अॅम्पचे आउटपुट एकत्र आले की दोन्हींपैकी एक तरी जळणार.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा. सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे असतात. त्यांना हात लावू नका, आणि चावी चालू असताना तर अजिबात नाही, नाही तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. जोड क्रिंप करा किंवा सोल्डर करून हीटश्रिंक चढवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात चिकट होतो आणि पावसाळ्यात गंजतो.

१२. गाडी चालू केली की स्पीकरमधून सुंईं आवाज येतो, रेस वाढवली की वाढतो. कसा घालवू?

रेसबरोबर सूर चढत असेल तर तो अल्टरनेटरचा. कारण बहुधा ग्राउंड. स्टिरिओचा ग्राउंड एका ठिकाणी, अॅम्पचा दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हींमधला थोडासा व्होल्टेज फरक आरसीएच्या जाळीतून वाहतो. अॅम्पचा ग्राउंड रंग खरवडून बॉडीच्या पत्र्यावर घट्ट बोल्टने बसवा, वायर आखूड ठेवा. सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू नका. आरसीए एका बाजूने आणि पॉवर वायर दुसऱ्या बाजूने न्या.

मग शोध असा घ्या : अॅम्पच्या टोकाला आरसीए काढा. आवाज तरीही येत असेल तर दोष अॅम्पच्या पॉवरमध्ये किंवा ग्राउंडमध्ये. थांबला तर स्टिरिओकडे किंवा आरसीएच्या वाटेवर. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाचा छोटा डबा शंभर-दोनशे रुपयांना मिळतो, पण स्वस्त आयसोलेटर बास खातो. तो शेवटचा उपाय.

१३. ट्वीटरचं काय? बायपास केल्यावर ते चिरकतात.

कारण ट्वीटरला बास जायला लागला. कंपनीच्या अॅम्पमध्ये ट्वीटरला स्वतंत्र चॅनेल असेल, तर फक्त वरचे सूर पाठवण्याचं काम अॅम्प करत होता. तो काढल्यावर पूर्ण गाणं ट्वीटरवर आदळतं आणि तो काही दिवसांत जातो. पाण्याच्या चाळणीसारखा इथे कपॅसिटर लागतो. ट्वीटरच्या प्लस वायरमध्ये नॉन-पोलर कपॅसिटर टाका. चार ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड टाकला तर सुमारे ८,५०० हर्ट्झच्या खालचे सूर कमी होत जातात, १० मायक्रोफॅरड टाकला तर सुमारे ४,००० च्या खालचे. दोन ओहमच्या ट्वीटरला तोच परिणाम हवा तर कपॅसिटर दुप्पट. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सुटे मिळतात.

ट्वीटरवर आधीच कपॅसिटर असेल तर मीटर काहीच दाखवत नाही, वायर तुटल्यासारखं वाटतं. घाबरू नका, ते बरोबर आहे. आणि दाराचा स्पीकर व ट्वीटर एकाच चॅनेलवर आणताना कपॅसिटर असेल तर ओहमची भीती नाही. तो नसेल तर चार आणि चार समांतर जोडून दोन ओहम होतात आणि आपण परत प्रश्न ५ वर येतो.

१४. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी. मागे फायबरची केबल आहे. बायपास होतो का?

होतो, पण वेगळ्या पद्धतीने. या गाड्यांत मोस्ट नावाचं फायबरचं नेटवर्क असतं. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजपासून ते रस्त्यावर आलं. त्यात सगळी उपकरणं एका कड्यात जोडलेली असतात : स्टिरिओ, अॅम्प, कधी सीडी चेंजर, कधी फोनचा मॉड्यूल. कुठलंही एक काढलं की कडं तुटतं आणि बाकी सगळे गप्प होतात. काढलेल्या उपकरणाच्या जागी फायबरचा लूप प्लग लावावा लागतो. फायबर तीव्र वळवली किंवा टोकाला धूळ लागली तरी सिग्नल जातो.

नवा स्टिरिओ अशा अॅम्पला सिग्नल देऊ शकत नाही, कारण अॅम्प फायबरवर डिजिटल आवाज मागतो. दोन वाटा : मोस्टची नक्कल करणारा इंटरफेस घ्या, तो महाग असतो आणि मॉडेलप्रमाणेच घ्यावा लागतो. नाही तर डिकीतला अॅम्प काढून तिथे बाजारातला डीएसपी (सूर वाटणारी आणि टोन लावणारी डिजिटल चिप) असलेला अॅम्प बसवा. दुसरी वाट मला जास्त भरवशाची वाटते, कारण बीएमडब्ल्यूमध्ये पुढच्या सीटखालचे वूफर आणि दारातले मिड वेगवेगळे भाग वाजवतात, आणि ती वाटणी डीएसपीशिवाय जमत नाही.

त्या कंपन्यांच्या प्रत्येक गाडीत फायबर अॅम्प नसतो. बीएमडब्ल्यू ३ सिरीजच्या ई९० पिढीत साध्या हाय-फाय पॅकेजचा अॅम्प अॅनालॉग होता आणि लॉजिक ७ या वरच्या पॅकेजचा फायबरवर. म्हणजे गाडीच्या नावावरून अंदाज न बांधता अॅम्पचा कपलर पाहा.

नव्या गाड्यांत अॅनालॉग डिव्हायसेस कंपनीची ए२बी ही दोन वायरींची डिजिटल पद्धत येऊ लागली आहे. ती पिळलेल्या साध्या जोडीसारखी दिसते, पण तिच्यावर मीटर लावून किंवा आरसीए जोडून काहीच मिळत नाही. कॅन बसवर व्हॉल्यूम घेणारे अॅम्पही असेच फसवतात : आवाज एकाच पातळीवर अडकतो, कारण व्हॉल्यूम कमी-जास्त करण्याचं काम अॅम्पच करत होता आणि नवा स्टिरिओ त्याची भाषा बोलत नाही.

१५. बायपासनंतर पार्किंग सेन्सरची पीं पीं आणि सीटबेल्टचा आवाज बंद झाला. का?

काही गाड्यांत हे आवाज डॅशबोर्डवरच्या मीटरमधल्या बझरमधून येतात, तिथे काही फरक पडत नाही. काहींत ते स्टिरिओमधून किंवा अॅम्पमधून स्पीकरला जातात. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत दार उघडं असल्याची, चावी राहिल्याची सूचना स्टिरिओमार्फत येते, आणि अॅडॉप्टर घेतला तर त्यासोबत छोटा बझर मिळतो. काम सुरू करण्याआधी सगळे आवाज एकदा वाजवून पाहा : रिव्हर्स, बेल्ट, हँडब्रेक, इंडिकेटर. कुठल्या स्पीकरमधून येतात ते लक्षात ठेवा. सुरक्षेची सूचना जाणार असेल तर बायपास करू नका, अॅम्प ठेवणारा अॅडॉप्टर शोधा.

याच कुळातली दुसरी अडचण इंजिनची घरघर दाबणाऱ्या सिस्टिमची. होंडा अॅकॉर्डसारख्या काही गाड्यांत छतातले माइक केबिनमधला आवाज ऐकतात आणि उलटा आवाज स्पीकरमधून सोडतात. बाजारातला सबवूफर घातला की ही सिस्टिम त्याच्या बासला घरघर समजून त्याच्याशी भांडते आणि केबिनमध्ये घुमल्यासारखं होतं. त्या मॉड्यूलचा कपलर काढला की थांबतं.

१६. कंपनीचा सबवूफर बायपासनंतर बंदच आहे.

स्टिरिओच्या चार चॅनेलमध्ये त्याला जागाच नाही. हॅरियरसारख्या गाडीतला सब अॅम्पच्या स्वतंत्र चॅनेलवर चालतो. त्याच्यासाठी वेगळा मोनो (एका चॅनेलचा) अॅम्प घाला आणि स्टिरिओच्या सबवूफर आरसीएवरून सिग्नल द्या. पण आधी ओहम मोजा. कंपनीच्या सबला दोन कॉइल असू शकतात, दोन्ही जोडल्या नाहीत तर तो अर्धाच वाजतो. स्पीकरच्या जागेला फार धक्का न लावता बास हवा असेल तर सीटखालचा पॉवर्ड सबवूफर हा सरळ उपाय आहे.

१७. तिसरी वाट घेतोय. जुन्या अॅम्पच्याच पॉवर वायरवर नवा अॅम्प चालेल ना?

लहान अॅम्प असेल तर कदाचित, नेहमीचा चार चॅनेलचा असेल तर नाही. एकूण ३०० वॉट आरएमएसचा अॅम्प पूर्ण जोरात साधारण २७ ते ४० अँपिअर ओढतो, डी क्लास असेल तर कमी, एबी क्लास असेल तर जास्त. जुनी वायर आणि तिचा फ्यूज एवढ्यासाठी नसतात. फ्यूज मोठा टाकणं हा उपाय नव्हे, मग फ्यूजऐवजी वायर जळते. बॅटरीपासून स्वतंत्र वायर न्या, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज बसवा, फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट असू द्या. वायर पूर्ण तांब्याची घ्या. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, बाजारात सीसीए म्हणून विकली जाणारी वायर त्याच जाडीत कमी करंट नेते, ती घ्यायचीच असेल तर एक माप जाड घ्या. जुन्या अॅम्पची चालू करणारी वायर मात्र खुशाल वापरा.

१८. स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला लावली तर एक वायर वाचेल का?

स्टिरिओ वाचणार नाही. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, निगेटिव्ह म्हणजे ग्राउंड नव्हे. खूप जुन्या गाड्यांत मागच्या दोन्ही स्पीकरना एकच निगेटिव्ह असे, तिथे दुसरी वायर ओढावीच लागते.

१९. वॉरंटी आणि इन्शुरन्स?

वायर कापली की इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारायला सर्व्हिस सेंटरला निमित्त मिळतं. वॉरंटीतल्या गाडीत फक्त कपलर टू कपलर काम करा आणि बिल जपून ठेवा. ज्या गाडीत एसीची सेटिंग आणि कॅमेरे त्याच स्क्रीनवर आहेत, तिथे स्टिरिओ बदलण्याऐवजी कंपनीचाच ठेवून नवे स्पीकर आणि अॅम्प घाला. त्यासाठी सिग्नल कंपनीच्या अॅम्पच्या आउटपुटवरून डीएसपीत घ्यावा लागतो, कारण त्यात कंपनीचा टोन मिसळलेला असतो आणि डीएसपी तो सपाट करतो.

विम्यात नंतर बसवलेली सिस्टिम आपोआप येत नाही. नूतनीकरणाच्या वेळी तिची किंमत वेगळी दाखवून आयएमटी २४ या पॉलिसीच्या कलमाखाली इलेक्ट्रिकल अॅक्सेसरी म्हणून नोंदवून घ्या.

२०. काढलेला अॅम्प विकून टाकू का?

गाडी तुमच्याकडे आहे तोवर नको. गाडी विकताना घेणारा ‘ओरिजिनल’ सिस्टिम मागतो, आणि वरच्या व्हेरियंटची किंमत काही अंशी तिच्यावरच असते. अॅम्प, त्याचा ब्रॅकेट आणि स्क्रू एका पिशवीत ठेवा, कपलरच्या पिनांना ओल लागू देऊ नका. कुठली वायर कुठे होती त्याचे फोटो काढलेले असतील तर त्यांची तारीख त्याच पिशवीवर लिहून ठेवा. जोड कापून केलेला असेल, तर कापलेल्या प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नाव घाला. परत बसवणारा मेकॅनिक बहुधा दुसराच असेल.